बॉनेट गरम होतं

आमच्या मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्यापासून मंगळवार आणि शुक्रवार आमचे राहिले नाहीत. सांगलीच्या दवाखान्यात सकाळी सातला डायलिसिसच्या मशिनवर नंबर असतो. त्यासाठी कुंडलहून पहाटे साडेपाचला निघावं लागतं. गावातल्या एकाची जीप आम्ही ठरवली होती, पण त्याला लग्नाचं भाडं मिळालं की तो आमचा फोन उचलायचा नाही. एका शुक्रवारी नंबर चुकला. रविवारी मालकांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता आणि त्यांना आडवं होता येईना. तेव्हा मी मुलाला म्हटलं, जुनी का असेना, आपली गाडी बघ. दोन लाखांच्या पुढे जायचं नाही, एवढंच बजावलं.

त्याला मोबाइलवर कोरेगावकडची एक दिसली. पांढरी, डिझेलची, दहा वर्षं झालेली. सुट्टीवर आलेल्या एका फौजीची होती आणि तो दोन दिवसांनी परत जाणार होता. आमच्या भागात फौजीची गाडी म्हटलं की माणसं निम्मी तपासणी सोडून देतात. वर्षातून दीड महिना चालणार, बाकीचे दिवस झाकलेली असणार, आणि फौजी खोटं बोलणार नाही, असा हिशोब. मुलगा तर गाडी बघायच्या आधीच भुलला होता. म्हणून मी बरोबर निघाले आणि गावातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीलाही घेतलं.

अकराला येतो म्हणून सांगितलं होतं. एसटी लवकर मिळाली आणि आम्ही दहालाच दारात उभे राहिलो. फौजी जरा गडबडला. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये सावलीला होती. त्यानं वरचं कापड ओढलं. बसून बसून माझे गुडघे धरले होते, म्हणून मी टेकायला बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. ते गरम होतं.

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्यानंही पुसल्यासारखं करून हात फिरवला. सावलीत, कापडाखाली उभी असलेली गाडी आपोआप तापत नाही. आम्ही यायच्या आधी ती चालू करून ठेवली होती. आणि ज्याची गाडी थंडीतही एका झटक्यात सुरू होते तो कशाला तसं करेल?

फौजी म्हणाला, चक्कर मारून बघा. मुलगा किल्लीला हात घालायला लागला. मी म्हटलं, चहा घेऊ आधी. चहा झाला. मग मी म्हटलं, लांबून आलोय, जेवूनच जाऊ. मुलगा लाजेनं लाल झाला. पाहुण्यानं जेवण मागून घ्यायचं नसतं, पण मागितल्यावर नाही म्हणायचीही आमच्याकडे रीत नाही. फौजीच्या बायकोनं मुकाट्यानं पिठाचा डबा काढला.

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि मेथी निवडू लागले. गाडी सकाळी किती वाजता चालू केली, हे तिला विचारता आलं असतं. मग तिला एक तर माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं नाहीतर नवऱ्याला तोंडघशी पाडावं लागलं असतं. मी विचारलं नाही. तिनंही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. बाहेर मुलगा अंगणात येरझारा घालत होता. शेवटी आत येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "आये, किती येळ? त्यो माणूस काय म्हणंल?"

"म्हणू दे," मी म्हटलं.

जेवणं झाली तेव्हा एक वाजून गेला होता. फौजीचा फोन वाजला. शिरवळचं दुसरं गिऱ्हाईक दोनला पोचणार होतं. आता तो सरळच बोलला.

"मावशी, तुमचं काय ते सांगा. मला थांबता यायचं न्हाई."

"येऊ दे की त्यास्नी. तवर इंजिन पुरतं थंड हुईल."

त्याचा चेहरा उतरला. मुलाला तेव्हा कळलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आवं मावशी, फौजी माणसाला खोटं पाडताय व्हय?"

"माझं दोन भाऊ फौजेत होतं. गाडीला फौज कळत न्हाई. लाव किल्ली."

त्यानं किल्ली मुलाच्या हातात टाकली आणि दूर जाऊन उभा राहिला. पहिल्यांदा गाडी नुसतीच कण्हली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मुलानं किल्ली इतका वेळ धरली की मिस्त्री सोड, सोड म्हणून ओरडला. चौथ्यांदा ती लागली आणि शेडभर धूर झाला.

भर दुपारी ही तऱ्हा, तर पहाटे साडेपाचला काय होईल?

मिस्त्री म्हणाला, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले असतील तर थोडक्यात भागेल. इंजिनच उतरलं असेल तर गाडीच्या किमतीचं काम निघेल. खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. मी फौजीला म्हटलं, प्लग आमच्या पैशानं बदलू, रात्रभर गाडी इथंच राहू दे, सकाळी सहाला येऊन बघतो. लागली तर तिथंच पैसे. त्यानं मान हलवली. परवा त्याला रेल्वे पकडायची होती, बॅग भरायची होती. त्याऐवजी तो पंधरा हजार कमी करायला तयार झाला. मुलगा म्हणाला, एवढ्यात परत मिळायची नाही. तेही खरं होतं. मी म्हटलं, नको.

परतीच्या एसटीत मुलगा पुढच्या सीटवर बसला. मिस्त्रीनं मला शेंगदाणे दिले.

घरी मालकांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, "थंड झाली की उठत न्हाई."

"मग माझीच भैन हाय की," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढे मुलाच्या कानावर आलं, ती गाडी शिरवळच्या माणसानं घेतली, नुसते प्लगच गेले होते आणि ती झकास चालते. दोन दिवस त्यानं मला हे जेवताना ऐकवलं. वर त्या महिन्यात जीपवाल्यानं आणखी एकदा दगा दिला. या वेळी मालकांना उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं आणि चार दिवस ते तिथं राहिले. मी नको म्हटलं नसतं तर हे झालं नसतं. असं मला कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण मला ते माहीत आहे. तरी त्या दिवशी पुन्हा उभी राहिले तर नकोच म्हणेन. प्लग की इंजिन हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गाडीत मी त्यांना पहाटेच्या अंधारात बसवणार नव्हते.

दुसरी गाडी जवळच, पलूसमध्ये मिळाली. पेट्रोलची, दोन ठिकाणी ठोकलेली, बघायला भिकार. आम्ही न सांगता पहाटे पाचला गेलो. घरातला माणूस बनियनवर बाहेर आला, ही काय गाडी बघायची वेळ झाली का म्हणून शिव्या देत त्यानं किल्ली फेकली. काचेवर दव होतं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि मुलाला म्हटलं, मार किल्ली.

ती पहिल्याच झटक्यात लागली. त्या शुक्रवारी मालक तिच्यातूनच सांगलीला गेले.