पाट्याजवळचा काळा रंग

माझ्या घरात कुणालाही नामदेवच्या गाडीबद्दल विचारा, सगळी हकीकत पाठ आहे त्यांना. फक्त त्यात माझा भाग नाही. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण कुठून धरावं तेच समजत नाही.

नामदेवपासून सांगतो. तो भोसरीचा, मूळचा शेतकरी. पिंपरीला एका कंपनीत मी फिटर म्हणून लागलो तेव्हा त्याच्याच घरातली खोली भाड्यानं घेतली होती. शिफ्ट करून आलो की त्याच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, झाकून ठेवलेली भाकरी असायची. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर वहिनी चांगल्याच रुसल्या होत्या.

आजूबाजूच्या शेतांत कारखाने उभे राहिले आणि नामदेवच्या डोक्यात मोटारीचं खूळ शिरलं. तीही साधीसुधी नाही – जुनी विलायती, लांब नाकाची. आमच्याच कंपनीतले एक साहेब बदली होऊन निघाले होते, त्यांची. घ्यायच्या आधी तू एकदा बघ, एवढंच नामदेवचं म्हणणं. आणि बघणारा मी होतोच की. जुनी गाडी कशी बघायची हे मला शिकवायला नको होतं. वरच्या चकाकीला भुलायचं नाही. जमिनीवर गोणपाट टाकायचं, उताणं होऊन गाडीखाली शिरायचं आणि पान्यानं चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं नुसतं थपथपतं. यात अवघड काही नाही.

मग का नाही शिरलो मी?

हसू नका – किंवा हसा, काय फरक पडतो. त्याच महिन्यात मी फिटरचा सुपरवायझर झालो होतो. अंगावरची खाकी जाऊन पांढरा शर्ट आला होता. नामदेवबरोबर चिंचवडला साहेबांच्या बंगल्यावर गेलो तर बाईंनी मला व्हरांड्यात खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. साहेब मला 'अहो' म्हणाले. त्यांच्यासमोर मी गोणपाट मागून धुळीत आडवा होणार? नाही झालं माझ्याच्यानं. मी बॉनेट उघडलं, इंजिनाला कान दिला, रेडिएटरमधलं पाणी पाहिलं. सगळं मोठ्या ऐटीत पाहिलं. सगळं ठीक होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हलगर्जीपणा म्हणून तरी खपलं असतं. पण मी मागे जाऊन वाकलो होतो. मागच्या चाकाशी लोखंडी पट्ट्यांचा पाटा असतो, गाडीचं वजन तोलणारा. तो चासीला जिथं धरलेला असतो तिथं मी हात घातला – आणि बोट काळं झालं. ताजा, चिकट रंग. जुन्या गाडीच्या पोटाला नवा रंग कशासाठी फासतात, हे फिटरला विचारावं लागतं का? साहेबांनी सांगून लावला की कुणी मेकॅनिकनं परस्पर, मला ठाऊक नाही. मी ते बोट चाकाच्या आतल्या बाजूला पुसलं, शर्टाला लागू नये म्हणून, आणि सरळ उभा राहिलो.

"खालून बी बगितलं न्हवं?" व्हरांड्यात साहेबांशी व्यवहाराचं बोलून आलेल्या नामदेवनं विचारलं.

"बघितलं," मी म्हणालो. "घे."

त्यानं घेतली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि वहिनींनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला. काही महिने गाडी झकास चालली. मला वाटायला लागलं, निभावलं.

मग कांदा निघाला. नामदेवनं पोती डिकीत घातली आणि चाकणच्या बाजाराला निघाला. वहिनी घरात कामं आहेत म्हणत होत्या, यानंच हौसेनं त्यांना शेजारी बसवलं. मोशीच्या पुढे, नदीकडच्या उतारावर, मागचा पाटा चासीतून उखडला. गाडी गरकन फिरून झाडावर गेली. नामदेवच्या कपाळाला खोक पडली. वहिनी जागच्या जागी गेल्या.

तेराव्यानंतर तो मला गॅरेजात घेऊन गेला. कशानं झालं तेवढं सांग, म्हणाला. या वेळी मी झोपलो गाडीखाली. उखडल्या जागी अंगठा दाबला तर लोखंडाचा भुगा हातात आला, आणि वरून तो काळा रंग. मी बाहेर आलो. नामदेव तिथंच उभा होता.

"पोत्यांनी झालं का, सदाभाऊ? मी लई भरली व्हती का?"

पाहा ना – मला हवं होतं ते त्यानं स्वतःहून माझ्या पुढ्यात ठेवलं. एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढंच.

"होय," मी म्हणालो. "लोड जास्त झाला."

पहिलं खोटं शर्टासाठी होतं. हे कशासाठी? तो मला पुन्हा दारात उभं करणार नाही म्हणून? कंपनीत बोभाटा होईल म्हणून? भ्यालो, दुसरं काय. मला स्वतःची शिसारी येते हे सांगताना, आणि तरी मी रोज नीट जेवतो, झोपतो.

नामदेवनं पुन्हा कांदा लावला नाही. येईल त्याला सांगायचा, मीच मारली तिला, माझ्या हावेनं गेली. लोक त्याची समजूत घालायचे, मी शेजारी बसून ऐकायचो. बघता बघता माणूस वाळून गेला. शेवटी तर अंथरुणालाच खिळला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. धरायला जोर नव्हता.

"समदे म्हनायचे, नशीब," तो म्हणाला. "तू एकट्यानं मला खरं सांगितलंस."

मी त्याचं पांघरूण वर ओढलं आणि म्हणालो, "पड आता."