मरून झाल्यावर हसणारे मामा

मी तांबरम स्टेशनच्या जिन्यावर होते, तेव्हा मामींचा फोन आला. "मामा गेले गे, पाप्पा." पाप्पा म्हणजे मी, तमिळमधली छोटी पोर. आणि मी चक्क विचारलं, "कुठल्या पिक्चरमध्ये?" पलीकडून मामी हळूच म्हणाल्या, "पिक्चरांत नव्हे. घरीं." त्याला आता दीडेक महिना होईल, पण तो प्रश्न आठवला की अजून ओशाळायला होतं.

माझी चूक समजेल तर ती मामींनाच. आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत मामा मेल्याची बातमी नेहमीचीच होती. जिन्यात भेटल्या की हातातली कोथिंबिरीची जुडी सावरत मामी सांगायच्या, "आज मामा मेले. हार्ट अटॅक. जेवायास लवकर येतील."

मामा, म्हणजे व्यंकोबाराव, तंजावरकडच्या मराठी घरातले. एग्मोरच्या एका कचेरीत कारकुनी करता करता नाटकात शिरले, तिथून तमिळ सिनेमात, आणि मग शेवटपर्यंत न्यायाधीश, डॉक्टर, नवरीचा बाप, देवळातला पुजारी. नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, चेहरा सगळ्या गावाला. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना खरोखरचा डॉक्टर समजून दुखरा गुडघा दाखवायची. मामा आधी गुडघा नीट बघायचे, मान हलवायचे आणि मगच सांगायचे की बाई, खऱ्या डॉक्टरकडे जा. मी सांगलीची, गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले आणि वरून मराठी ऐकू आल्यावर हक्काने जिना चढू लागले. त्यांचं मराठी ऐकून मला हसू फुटायचं, माझं ऐकून त्यांना. "तुझी मराठी पेपरांतली गे," असं म्हणायचे.

एकदा मला शूटिंगला घेऊन गेले. कोर्टाचा सीन होता. हिरो सारखा अडखळत होता, टेकवर टेक चालले होते. मामांना वाक्य एकच, तेही शेवटी, आणि कॅमेरा त्यांच्याकडे नव्हताच. तरी दर वेळी ते हिरोची कैफियत जणू पहिल्यांदाच ऐकत होते. परतताना मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "त्याचं कोणी ऐकलंच नाही तर तो सांगेल कोणास?" मला अभिनयातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मी या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

इथल्या सिनेमात एक रीत आहे. मरणाचा सीन झाला की मेलेल्याला उठवून कॅमेऱ्यासमोर हसायला लावतात. तेवढा शॉट घेतला की अपशकुन टळला. हे हसू सिनेमात कधी दिसत नाही. मामांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण मामींसाठी ते हसल्याशिवाय घरी येत नसत. मामी दारातच विचारायच्या, "हसलांत?" "हसलों," असं उत्तर आलं की मगच कॉफी पुढे यायची.

शेवटच्या सिनेमाचा दिग्दर्शक अगदी तरुण होता. प्रेताचा शॉट संपला आणि पॅकअप झालं. हसण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मामाही थकले होते, त्यांनी आठवण केली नाही. दारात मामींनी विचारलं आणि जन्मभर सोंगं वठवणारा हा माणूस बायकोपुढे खाली बघत चपला काढत राहिला. मामांचं हृदय आधीच नाजूक झालेलं. मामी धड जेवेनात, सारख्या देवासमोर बसून राहू लागल्या. शेवटी मामाच खाली येऊन म्हणाले, "फोन घेऊन ये. शॉट राहिला आहे."

त्यांनी कपाळाला सीनमधल्यासारखी विभूती लावली, झोपाळ्यावर आडवे झाले आणि मेले. इतके चांगले मेले की श्वास चालतोय ना, ते मी वाकून पाहिलं. मी "अ‍ॅक्शन" म्हटलं, तसे उठून बसले आणि हसले. आधी नुसतं शॉटपुरतं हसू. मग तोंडाला पदर लावून दाराआडून बघणाऱ्या मामी त्यांना दिसल्या आणि मामा खरंच खो खो हसत सुटले. मामीही हसल्या, मीही हसले, त्या भरात "कट" म्हणायचं राहूनच गेलं. मामा शिस्तीचे, कट ऐकल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. तसेच हसत माझ्याकडे बघत राहिले...

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेत गेले. तेरावा झाल्यावर मी वर गेले, तेव्हा एकच भीती होती. मामी विचारतील, मग त्या हसण्याचा उपयोग काय झाला? त्यांनी कॉफी दिली आणि फोन मागितला. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षें कॅमेऱ्यास हसले. हें बरीक मजकडे बघून हसले."

आता दिवेलागणीला मी रोज वर जाते. रिकाम्या झोपाळ्याशेजारी बसून आम्ही दोघी तो तुकडा बघतो. शेवटी मामा हसत थांबतात, माझ्याकडे बघतात, माझ्या "कट"ची वाट बघतात. त्यांना किती वेळ असं ताटकळत ठेवायचं, म्हणून परवा तो शब्द माझ्या ओठांवर आला. मामींनी माझा हात घट्ट धरला.

"म्हणूं नकोस गे," त्या म्हणाल्या.