शैलाने नापास केलेला दरोगा

विनायक बँकेत आला तेव्हा माझ्या काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग होती. तो त्या रांगेत उभा राहिला. शैलाचा धाकटा भाऊ, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, एरवी आला की सरळ आत येऊन खुर्ची ओढून बसणारा... तो रांगेत उभा होता आणि पुढचा माणूस हलला की एक पाऊल सरकत होता. समोर आल्यावर म्हणाला, "कुमुदताई, शैलाताई गेली." मी विचारलं, "आता कुठे?" बदलीच्या नोकरीतली बाई, सारखी कुठे ना कुठे जायचीच. विनायकने काउंटरची कड धरली. मागचे आजोबा माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "बिटिया, पहले इनको बैठाओ." तेव्हा कुठे मला कळलं.

याला आता काही आठवडे झाले. राग ओसरला की लिहू, असं मी ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून तसाच घेऊन लिहायला बसले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

शैला आठल्ये उत्तर प्रदेश पोलिसांत सब-इन्स्पेक्टर होती. आमच्याकडे त्याला दरोगा म्हणतात. बनारसला मंगला गौरीच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. तिचे वडील, नाना, घरच्याच पुढच्या खोलीत मुलांना वेद शिकवायचे. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे एकच शब्द, "पुन्हा." मुलगा चुकला तर ओरडायचे नाहीत, कान पिळायचे नाहीत. फक्त "पुन्हा." तो बिचारा दहादा म्हणायचा आणि शेवटी बरोबर म्हणायचा. आम्ही मुली जिन्यावर बसून हसायचो. म्हणजे मी हसायचे, शैला ऐकत असायची. ती पोलीस भरतीची परीक्षा पास झाली तेव्हा गल्लीतल्या साऱ्या मराठी बिऱ्हाडांत हलकल्लोळ उडाला. आठल्यांची मुलगी आणि थाण्यात? तिची आत्या तर नानांसमोर रडली. नाना म्हणाले, "परीक्षा स्वतःच्या अकलेने दिलीय ना तिने? मग जाऊ दे." पहिल्यांदा वर्दी घालून ती गल्लीतून निघाली तेव्हा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोरं मागे गेली. माझी आई तिला शेवटपर्यंत "आमची दरोगीण" म्हणायची.

बाई दरोगाचं करायचं काय, हे तेव्हाच्या साहेब लोकांना कळत नसे. कुठे धाड पडली आणि घरात बायका असल्या की शैलाला जीपमध्ये घालून न्यायचे, एरवी टेबलाशी बसवून ठेवायचे. शेवटी तिला प्रशिक्षण शाखेत टाकलं. महकम्यात, म्हणजे पोलीस खात्यात, ही शाखा म्हणजे अडगळीची खोली. नोकरीला लागताना शिपायाला जे शिकवायचं ते शिकवून झालेलं असतं, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याला कुणी काही शिकवत नाही, आणि त्यालाही शिकायचं नसतं. शैला तिथे बसून जुनी पुस्तकं वाचत राहिली, आणि वाचता वाचता चिडत राहिली. "अगं कुमुद, कायदा बदलून वर्षं झाली, आणि आमचा दरोगा अजून सासऱ्याच्या काळातलं काहीतरी करतोय," असं ती चहा पिता पिता सांगायची.

मग सत्त्याण्णवच्या सुमारास लखनौहून संगणक आले. काही प्रशिक्षण शाखेत राहिले, बाकीचे निवडक थाण्यांना दिले. टेलिफोनच्या तारेला जोडायची एक पेटी सोबत होती. शाखेतून धडा पाठवायचा, थाण्यातल्या माणसाने तो पडद्यावर वाचायचा आणि प्रश्नांची उत्तरं त्याच तारेने परत पाठवायची, अशी योजना. आज इंटरनेट हा शब्द बनारसच्या पानवाल्यालाही माहीत झालाय. तेव्हा तो आमच्या बँकेत मॅनेजरलाही नीट उच्चारता येत नव्हता. जिल्ह्याच्या साहेबांनी ते खोके शैलाच्या खोलीत ठेवायला सांगितले आणि विसरून गेले. शैला मात्र घरात नवी सून आली असावी तशी त्यांच्याभोवती वावरायला लागली. वीज जायची, लाईन तुटायची, पडद्यावर देवनागरी अक्षरं धड उमटायची नाहीत, म्हणून ती हिंदी धडे इंग्रजी अक्षरांत लिहायची. धडे कसले, गोष्टीच त्या! एखादी बाई नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन आलीय, तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल? कोठडीतला माणूस छातीत दुखतंय म्हणतोय, तुम्हाला ते नाटक वाटतंय, काय कराल?

प्रत्येक धडा पाठवण्याआधी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर वापरून बघायची. एकदा मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "समज तू दरोगा आहेस. एक बाप आलाय. मुलगी घरी आली नाही म्हणतोय. पण त्याचं घर दुसऱ्या थाण्याच्या हद्दीत आहे."

"मग त्याला त्या थाण्यात पाठवीन."

"नापास," ती म्हणाली. "आधी लिहून घ्यायचं. सगळं, तो सांगेल ते. शोध सुरू करायचा. हद्दीचं नंतर बघायचं, ते आपलं आपण बघायचं, त्याने नाही. पुन्हा सांग."

मला पुन्हा सांगावं लागलं, पोळी करपली तरी.

उत्तरं यायला लागली. चुकलेलं उत्तर ती खाली दोन ओळी लिहून परत पाठवायची. माणूस बरोबर लिहीपर्यंत पाठवत राहायची, आणि उत्तर त्याचंच आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याला पास करायची नाही. काहींनी शिव्या घातल्या. पण काही जण रमले. निवृत्तीला आलेले एक हवालदार एका बोटाने टाइप करून लांबलचक उत्तरं पाठवायचे. त्यांनी एकदा खाली लिहिलं होतं की इतक्या वर्षांत मी कसं काम करतो हे मला कुणी विचारलंच नव्हतं. हे मला सांगताना शैलाचा चेहरा कसा उजळला होता... तो चेहरा मी तिच्या लग्नात बघायचं ठरवलं होतं. तिने लग्न केलं नाही, आणि तो चेहरा मला संगणकाच्या धड्यांमुळे दिसला.

पुढे लखनौहून कुणी मोठे पाहुणे ही योजना बघायला येणार असं ठरलं आणि साहेबांना खोके आठवले. त्यांना सारा जिल्हा प्रशिक्षित दाखवायचा होता. शैलाने नापास ठेवलेल्यांत एक थानाध्यक्ष, म्हणजे थाण्याचा प्रमुख होता, मोठा वजनदार माणूस. मुलगी हरवलेल्या बापाचा तो प्रश्न त्याला गेला होता. त्याने उत्तर दिलं होतं, "संबंधित थाने भेजा जाएगा." शैलाने परत पाठवलं. पुन्हा तेच. पुन्हा परत पाठवलं. मग एकदम शुद्ध, गुळगुळीत, बरोबर उत्तर आलं, आणि ते थाण्यातल्या मुंशीने, म्हणजे कारकुनाने लिहिलंय हे शैलाने भाषेवरून ओळखलं. तिने त्याला पास केलं नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मैडम, सबको पास कीजिए." ती म्हणाली, "सर, जो पास होगा उसे करूँगी." दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने प्रमाणपत्रं छापली गेली. पाहुणे आले, चहा झाला, फोटो निघाले.

त्यानंतर काही महिन्यांनी मुनिया हरवली.

पंचगंगेवर बिरजू नावाचा नाववाला आहे, त्याची ही मुलगी. फुलांच्या माळा करून घाटाघाटावर द्यायची, आमच्याही घरी यायची. त्या दिवशी मुन्शी घाटाकडे माळा घेऊन गेली ती परतली नाही. तिथल्या थाण्यात बिरजू धावला. तिथे हाच वजनदार थानाध्यक्ष होता. त्याने विचारलं, घर कुठे? पंचगंगेवर? मग तिकडच्या थाण्यात जा. तिकडे म्हणाले, गायब कुठून झाली? मग तिथे जा. बाप दोन थाण्यांच्या मध्ये चालत राहिला... कुणी एक ओळ लिहून घेतली नाही. शेवटी ती पुलापलीकडे नदीत सापडली. काय झालं असेल ते मी लिहिणार नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की हरवली त्या दिवशी ती जिवंत होती, आणि दुसऱ्या दिवशीही.

घाटावरचे सगळे नाववाले थाण्यावर चालून गेले, तेव्हा चौकशी बसली. आणि त्या चौकशीत थानाध्यक्षाने काय पुढे केलं असेल? प्रमाणपत्र! म्हणे मला तर सर्व नियम माहीत आहेत, मी उत्तम गुणांनी उत्तीर्ण आहे, बापाने नीट सांगितलंच नसेल. शैलाने माणसाला जागं करायला जी गोष्ट उभी केली, तीच त्याने ढाल म्हणून धरली. प्रमाणपत्र खरं आहे एवढं सांगायला शैलाला बोलावलं होतं. साहेबांनी आदल्या दिवशी समजावलं, "आपको झूठ थोड़े ही बोलना है. कागज असली है, बस इतना कह दीजिए."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. नाना तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "नाना, नोकरी जाईल कदाचित."

नाना म्हणाले, "घडलं ते सांग. आवाज चढवू नकोस. तू आवाज चढवलास तर ते आवाजाचीच चौकशी करतील."

तिने आवाज चढवला नाही. चौकशीत हजर असलेल्या एकाने मला नंतर सांगितलं की ती धडा वाचून दाखवावा तशी बोलली. हाच प्रश्न यांना दिला होता. यांचं उत्तर हे होतं. मी परत पाठवलं, पुन्हा हेच आलं. मग दुसऱ्याने लिहिलेलं आलं. मी यांना पास केलेलं नाही, हे नापास आहेत. काय करायला हवं ते यांना ठाऊक होतं, कारण मी स्वतः ते लिहून कळवलं होतं, आणि तरीही यांनी त्या बापाला हाकललं.

निकाल काय लागला? "दोन थाण्यांमधील समन्वयाचा अभाव." थानाध्यक्षाला तोंडी समज, आणि काही दिवसांत आणखी चांगलं थाणं. तांत्रिक अडचणींमुळे संगणकाचे धडे बंद. शैलाची बदली बनारसच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका चौकीत. जिने टेलिफोनच्या तारेने सगळ्या जिल्ह्याला शिकवायला घेतलं होतं, तिला अशा जागी पाठवलं की जिथे टेलिफोनच नव्हता. याला योगायोग म्हणणाऱ्याने माझ्याशी बोलू नये. जाताना ती मला म्हणाली, "अगं, तिथेही शिपाई आहेतच की. तोंडी शिकवीन." मध्ये नाना गेले, तेव्हा येऊन गेली. वाळली होती, काळवंडली होती, पण बोलत होती शिपायांबद्दलच.

तिला ताप आला. चौकीतल्या शिपायांनी वायरलेसवरून गाडी मागितली. गाड्या कुणा बड्या पाहुण्याच्या बंदोबस्तात होत्या. पुन्हा मागितली. शेवटी त्या पोरांनी एका ट्रॅक्टरवर खाट टाकून तिला खाली आणलं. इस्पितळात पोचली तेव्हा ताप मेंदूत गेला होता... कागदावर मलेरिया लिहिलं आहे. मला विचाराल तर मी वेगळं लिहीन.

अस्थी पंचगंगेवरून बिरजूच्या नावेतून नेल्या. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं, तोच येऊन उभा राहिला. भर प्रवाहात वल्हं थांबवून विनायकला म्हणाला, "भैया, इतने साहब थे, एक बहिनजी ही बोलीं." मग तोंड फिरवून वल्हवायला लागला.

पुढच्या आठवड्यात पोलीस लाइनमध्ये शोकसभा झाली. तेच साहेब बोलायला उभे राहिले. आपल्या जिल्ह्यात संगणक-प्रशिक्षण आणणारी दूरदर्शी अधिकारी, महकम्याची शान, नव्या युगाची पोलीस... सगळं बोलले. मुनियाचं नाव नाही, बदलीचं नाव नाही, न आलेल्या गाडीचं नाव नाही. पहिल्या रांगेत तो नापास थानाध्यक्ष रुमालाने डोळे टिपत बसला होता. मी उठून जाणार होते, विनायकने माझा हात धरून बसवलं. सभा संपल्यावर साहेब आम्हाला धड्यांच्या त्या खोलीत घेऊन गेले. संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं होती, त्यावर बोटभर धूळ. खिडकीजवळ शैलाची लाकडी खुर्ची, तिच्या पाठीला अजून उशी बांधलेली. साहेब म्हणाले की या कक्षाला शैलाजींचं नाव देऊ, इथे त्यांचा मोठा फोटो लावू. घरचा एखादा चांगला फोटो द्या, वर्दीतला.

विनायक शाळामास्तर आहे, भिडस्त. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि हिंदीत, अगदी हळू बोलला, "सर, चौकशीच्या निकालात आधी लिहा की ती खरं बोलली. त्या दिवशी मी फोटो घेऊन येईन."

साहेब हसले, घड्याळ पाहिलं, बघू म्हणाले. शिपायाने त्याआधीच स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. परवा तिकडून जाणं झालं तेव्हा उघड्या दारातून आत पाहिलं. खिळा तसाच आहे. वर्दीतला फोटो विनायकच्या घरी आहे, आणि आम्ही तो दिलेला नाही.