साट्यालोट्यातली भाऊबीज

सविताला पाटसला दिली ती भावासाठी, हे पाबळमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊ बन्सी चौतिशीला टेकला. घरी बागायत, पण नवरा शेतकरी म्हटलं की मुली नाकं मुरडायच्या. शेवटी पाटसच्या स्थळानं साट्यालोट्याची अट घातली. आमची भाग्यश्री घ्या, तुमची सविता आमच्या सत्यजीतला द्या.

सविताचा जीव माऊलीवर, गावातल्या वेल्डिंगवाल्यावर. बोलणी सुरू होताच वडिलांनी तिचा मोबाईल काढून घेतला. मग तिनं गुपित एकट्या बन्सीदादाला सांगितलं, आणि त्याच्याच हाती निरोप धाडला की आठ दिवसांत मागणी घालायला ये. आठाचे पंधरा झाले. "कचरला गं तो," दादा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. तिनं मुकाट बाशिंग बांधून घेतलं. सहा वर्षं माऊलीला मनात भेकड म्हणत नांदली. सत्यजीत कारखान्यात कामाला, घुम्मा माणूस, पण वाईट कसा म्हणायचा?

साट्यालोट्यात भाऊबीज एकाच घरी उरकते. यंदा पाटसच्या ओसरीवर दोन पाट मांडले. एकावर सत्यजीत, दुसऱ्यावर टोपी घालून बन्सी. आत निरांजन लावता लावता भाग्यश्री कौतुकानं बोलून गेली, "ह्यांनी माझ्यासाठी काय कमी केलं, वन्सं? माऊली मामाला घेऊन तुम्हाला मागायला आला व्हता. ह्यांनी मळ्यातनंच माघारी लावला. पाटसचं स्थळ तिनंच पसंत केलंय म्हणाले. न्हाईतर मी कुठली येतीय तुमच्या घरात!"

सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्यानं केसानं गळा कापला तर शिव्या तरी घालता येतात. सख्ख्या भावाला काय घालायचं? आणि बोलायचीही चोरी. साट्यालोट्यात एकीनं घर सोडलं की दुसरीलाही माहेरी धाडतात. भाग्यश्रीचा बिचारीचा काय गुन्हा?

तिनं ताट उचललं, बन्सीच्या पाटावरून पुढं गेली आणि अंगणात उभी राहिली. कारखान्याच्या चिमणीवर बीजेची कोर दिसत होती. तिनं त्या कोरीला ओवाळलं.

"सवे, मी हितं बसलोय की," बन्सी हसत म्हणाला.

"भाऊ नसलेली बाई चंद्रालाच ओवाळती. माऊली मळ्यात आला व्हता, कळलं मला."

बन्सीनं हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली. भाग्यश्रीनं सत्यजीतला कुंकू लावलं. बन्सीचं कपाळ कोरंच राहिलं. सविता ताट देवापुढं ठेवून आली.

"आलाच हायसा तर जेवून जावा, पाव्हणं," ती म्हणाली, आणि वाढायला आत गेली.