गेल्या आठवड्यात

कोलोनजवळच्या त्या जुन्या जपानी बागेतला जर्मन माळी मला चार वर्षं ओळखत होता, पण नाव ना त्यानं विचारलं ना मी. मी दिसले की पाइनच्या सुया खुडता खुडता, वर न बघताच म्हणायचा, "शाडं!" म्हणजे अरेरे. "गेल्या आठवड्यात यायला हवं होतं."

एप्रिलात चेरी बघायला गेले, तर खरा बहर गेल्या आठवड्यात होता. बर्फ पडला म्हणून धावत गेले, तर शेवाळातल्या खांबासारख्या दगडी दिव्यावरची बर्फाची टोपी गेल्या आठवड्यात जास्त गोल होती. त्या जपून वाढवलेल्या शेवाळावर कुणाचं पाऊल पडलं, की मात्र हा माणूस रेफ्रीसारखी शिट्टी फुंकायचा.

नोव्हेंबरात साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिचं परतीचं विमान होतं. लाल पानं गळून मेपल पार ओकेबोके झाले होते. आईला तो दगडी दिवा दिसला.

"अगं, दीपमाळच की!"

तिनं बूट काढले, मोज्यांनिशी थेट शेवाळ तुडवत गेली आणि हात जोडले. मी शिट्टीची वाट बघत डोळे मिटले. शिट्टी वाजलीच नाही. डोळे उघडले, तर माळी टोपी हातात घेऊन उभा.

"माझी आई," मी ओशाळून म्हणाले. "उद्या परत निघालीय. माहितेय मला, गेल्या आठवड्यात यायला हवं होतं."

त्यानं आईच्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आजच."