सावध माणसाचा कोट

आमच्या ह्यांच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टकळी म्हणत. एकदा बोलायला लागली की सूत संपेपर्यंत थांबायची नाही. अशा मुलीने काम शिकायला माणूस निवडला तो दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा.

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि पुरुषांचे कोट आणि पाटलोणी शिवणाऱ्या एका दुकानात काजं-बटणं करत होती. दुकानात खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. त्यावर कापड बेतलं जाई आणि तिथे फक्त मास्तर उभे राहत. साठीचे, किडकिडीत, कानामागे खडू. इतरांनी त्या टेबलाला हात लावू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लावतही कोणी नसे.

"वहिनी, मला बेतायला शिकायचंय," एका संध्याकाळी ती म्हणाली. "नुसती बटणं लावून चाळिशीत डोळे जातील आणि हातात काय? बटणं!"

"मग मास्तरांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, बटणं झाली? म्हटलं, झाली. म्हणाले, मग घरी जा."

"दोन वाक्यं बोलले?" हे वर्तमानपत्रामागून म्हणाले. "खूश दिसतात तुझ्यावर."

माझ्या रोजनिशीत पुढच्या तीन महिन्यांत "टकळीने आज पुन्हा विचारले" अशी नोंद अकरा वेळा आहे. बाराव्या वेळी मीच तिला म्हटलं, "अगं, मागे लागून कोणी शिकवत नसतं. त्यांना कशाचा जाच होतो ते बघ आणि तेवढं काम उचल."

जाच शोधायला वेळ लागला नाही. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. गिऱ्हाइकाचं माप घेऊन ते स्वतःच चिठ्ठी लिहीत. ती चिठ्ठी कोटाला टाचली जाई आणि मग शिवणारे कारागीर दिवसभर "मास्तर, हा सात की एक?" म्हणून त्यांचं डोकं खात. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून आमचं अक्षर वळवलं होतं. मी टकळीला महिनाभर समोर बसवून तेच केलं, पट्टी सोडून. मग ती वही घेऊन मास्तरांपुढे उभी राहिली. "तुम्ही मापं सांगा, मी लिहिते."

मास्तरांनी वही पाहिली. पान उलटून पुन्हा पाहिली.

"गप्प राहून?"

"गप्प राहून."

तिने शब्द पाळला. दिवसभराचं साठलेलं मग घरी बाहेर पडे. तेव्हा हे संध्याकाळचे फिरायला जाऊ लागले. तब्येत चांगली सुधारली त्यांची.

मास्तर मापं सांगताना शेवटी एखादा शब्द टाकत. "चाळीस. सदतीस. सोळा. विचारी." टकळीला आधी वाटलं, हे भविष्यही सांगतात. मग तिच्या लक्षात आलं, की विचारी म्हणजे ज्याची मान पुढे झुकलेली असते तो. त्याच्या कोटाची कॉलर मागून थोडी उंच लागते. साहेब म्हणजे छाती काढून चालणारा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोललं तरी त्याला कळत नाही, उलट बरंच वाटतं. हे कोडं सुटल्यावर बाईंना पंखच फुटले. तिला वाटलं, बिचाऱ्या कारागिरांना असलं गूढ का? स्वच्छ लिहावं.

अशात एक दंतवैद्य आले. चांगले पोट सुटलेले. मास्तरांनी टेप फिरवली. "छाती सेहेचाळीस. कंबर चव्वेचाळीस. सावध."

टकळीने पोटाकडे पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ढेरी.

आठ दिवसांनी ट्रायल. दंतवैद्यांनी कच्चा शिवलेला कोट चढवला. बटण काही काजापर्यंत पोचेना. त्यांनी खाली पाहिलं, तर बाहीवर चिठ्ठी टाचलेली. ती त्यांनी मोठ्याने वाचली. इतकं सुंदर अक्षर, न वाचता राहवतं कोणाला?

"ढेरी? हे कोणी लिहिलं?"

टकळी तोंड उघडणार एवढ्यात मास्तर म्हणाले, "माझ्या दुकानातली चिठ्ठी आहे. माझी चूक."

दंतवैद्य कोट तिथेच टाकून निघून गेले.

त्या रात्री जेवताना ती एक अक्षर बोलली नाही. हे घाबरून मला म्हणाले, "डॉक्टरला बोलावू का?"

"आता मला काढतील, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "काढलं तर काढलं, पण शिकायचंही गेलं. त्यांनी अंगावर का घेतलं असेल?"

"ते त्यांनाच विचार. पण आधी स्वतःचं कबूल कर."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी दुकानात गेली. "मास्तर, तुम्ही सावध म्हणालात. मी ढेरी लिहिलं. मला वाटलं, दोन्हींचा अर्थ एकच."

मास्तरांनी तो कोट टेबलावर पसरला. आणि मग, तिने मला शपथेवर सांगितलं, ते पाच मिनिटं सलग बोलले.

"ढेरी आरशातही दिसते. तिच्यासाठी मला शब्द कशाला हवा? सावध म्हणजे टेप कमरेला आली की श्वास ओढून पोट आत घेणारा माणूस. त्याचं माप खोटं असतं. त्याला दीड इंच जास्त धरायचं. मी बेताना तुझ्या चिठ्ठीत फक्त सावध शोधलं, दिसलं नाही, जास्त धरलं नाही. माझं अक्षर असतं तर मला वाचताच आलं नसतं, आणि अंदाजाने धरलं असतं."

"मग आता?"

"कापड उरलंय. पुढचे दोन भाग नव्याने निघतील. एकदाच." त्यांनी कात्री तिच्यापुढे ठेवली. "शिवण उसवता येते. कापलेलं नाही. बेत."

"तुम्ही कुठे निघालात?"

"दाढ दुखतेय."

"त्यांच्याचकडे?"

"गावात दुसरा आहे का?"

दीड तास ती त्या टेबलापाशी एकटी होती. कागदावर तीनदा काढलं, तीनदा पुसलं. कात्री उचलली आणि ठेवली. कारागीर मशिनी थांबवून बघत होते. त्यांतला एक म्हणाला, "अगं, काप एकदाची, आमचेच श्वास अडकलेत." तिने कापलं.

मास्तर आले ते गाल भोपळ्यासारखा घेऊन. दंतवैद्यांनी त्यांना खुर्चीत आडवं करून, तोंडात हत्यारं घालून, पाऊण तास सभ्य भाषेवर भाषण दिलं होतं. मास्तरांना माफी मागायचीही सोय नव्हती. निघताना मात्र दंतवैद्य म्हणाले, "शुक्रवारी येतो. कापड चांगलं होतं म्हणून."

शुक्रवारी बटण लागलं. दंतवैद्यांनी आरशात पाहिलं, आधी पोट आत घेऊन आणि मग हळूच सोडून. तरी बटण राहिलं. त्यांनी नवी चिठ्ठी शोधली, वाचली आणि मान हलवली. "सावध. हं. माणूस ओळखलात."

ते कोट इस्त्रीला ठेवून गेल्यावर मास्तरांनी तो उलटा करून अस्तराआडून कापलेली कड बोटाने चाचपली. एका जागी थांबले. "इथे हात थरथरला."

"हो."

"उद्यापासून टेबलाशी ये. पाटलोणी बेत."

"आणि कोट?"

मास्तर खडू कानामागे खोचून पुढच्या कापडाकडे वळले होते.

दोन दिवस ती पाटलोणींवरून फुगून बसली होती. कोट हातात यायला पुढे दोन वर्षं आणि चार महिने लागले.