पायाळू बाळाची वाहतूक

गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत मोठ्या सिस्टरांनी सव्वीस वर्षे काढली. त्या अवधीत रुग्णालयाचे तीन अधीक्षक आले आणि बढती घेऊन गेले. सिस्टरांच्या वाट्याला एक डुगडुगते स्टूल आणि 'आपल्या अनुभवाची दखल घेण्यात आली आहे' अशी दोन पत्रे आली. घेतलेली दखल ठेवली कुठे, हे कार्यालयाने अद्याप कळविलेले नाही.

त्या सकाळी त्यांच्यासमोर घरसामान हलवणारा एक धिप्पाड गृहस्थ आणि त्याची सदतिसावा आठवडा लागलेली बायको बसली होती. बाळ पायाळू होते. डॉक्टरांनी पोटावरून हाताने फिरवून पाहिले, पण ते ढिम्म हलले नव्हते.

"येऊ द्या की पायाकडून," गृहस्थ म्हणाला. "टेबल आम्ही दारातून तसंच काढतो."

"टेबलाला डोकं असतं का हो?"

बायको फिसकन हसली. "सिस्टर, ह्यांनाही नाहीये."

सिस्टरांनी कापडी बाहुली घेतली. पाय सरळ वर, पावले कानांशी, हा एक प्रकार. मांडी घालून बसलेले, हा दुसरा. मग त्यांनी बाहुलीचे एक पाऊल खाली ओढले. "तुमचं हे असं. सगळ्यात मोठं डोकं, आणि तेच शेवटी येणार. अडकलं तर वाट बघायला वेळ नसतो. शिवाय डोक्यानं होतं तसं पावलानं खालचं तोंड नीट बंद होत नाही. गर्भाचं पाणी गेलं की नाळ घसरून दाबली जाऊ शकते, आणि बाळाचा प्राणवायू तुटतो."

गृहस्थाचा चेहरा उतरला. "मग करायचं काय?"

"दोन आठवड्यांनी ऑपरेशन. त्याआधी पाणी गेलंच, तर हिला चालवायचं नाही. आडवी आणा, कंबर उंच ठेवून."

त्याच शुक्रवारी दुपारी फाटकातून सामानाचा टेम्पो शिरला. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. ती नेहमीच दुसरीकडे असते, आणि दुसरीकडच्यांनाही हेच सांगितले जाते. मागे गाद्यांवर, चहूबाजूंनी रजया ठासून, बायको आडवी होती; घरीच पाणी गेले होते.

"हळू! कोपरा सांभाळा! उभी करू नका!" गृहस्थ आपल्या माणसांवर ओरडत होता.

"मी कपाट नाहीये!"

"गप पड. कपाटाला एवढं जपलं नाही कधी!"

नोंदणीच्या खिडकीने केसपेपर मागितला. सिस्टरांनी तिकडे असे काही पाहिले की खिडकी आपण होऊन बंद झाली.

तपासताना बोटांना नाळ लागली, धडधडणारी. सिस्टरांनी हात काढला नाही. नाळेवरचा दाब हटावा म्हणून बाळाला आतून वर तोलून धरत त्या स्ट्रेचरवरच गुडघे टेकून बसल्या. ऑपरेशनची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट गेले सात महिने 'तात्पुरती' बंद. गृहस्थासह चौघांनी स्ट्रेचर सिस्टरांसकट उचलले आणि जिना चढले. वळणावर भिंतीला खरचटली ती फक्त गृहस्थाची कोपरे.

ऑपरेशन होऊन मुलगी रडली तेव्हा सिस्टरांना बोटे सरळ करता येत नव्हती. त्या बाहेर आल्या. गृहस्थ जिन्याच्या पायरीवर बसला होता. "सहा आठवड्यांनी तिच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. अशा बाळांचे सांधे कधीकधी सैल असतात."

"रडली ना नक्की?"

"अख्ख्या मजल्यानं ऐकलं. आईही ठीक आहे."

त्याने बाजूला सरकून जागा केली. सिस्टर त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.